लॅटिन 'फेरो' आणि आपलं 'भरणे': एका क्रियापदाची दोन घराणी

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही जर्मनीत राहतो. मुलगी शाळेत लॅटिन शिकते. 'फेरो, फेर्रे, तुली, लातुम' हे एकच क्रियापद आहे असं समजून तिला ते पाठ करायचंय. रूपांचा एकमेकांशी काही मेळ नाही, म्हणून ती वैतागली आहे. तिला धीर द्यायला मी सांगून टाकलं की 'फेरो' म्हणजे आपलं 'भरणे'. हे खरं आहे का, की मी उगाच ठोकून दिलं? आणि खरं असेल तर 'तुली' कुठून आलं?"

ठोकून दिलंत खरं, पण नेम बरोबर बसला. 'फेरो' आणि 'भरणे' ही एकाच धातूची लेकरं. मुलीला सांगताना एक दुरुस्ती मात्र करा. 'फेरो' चा अर्थ 'मी भरतो' असा नाही. 'मी वाहून नेतो, आणतो, सोसतो' असा आहे. रक्ताचं नातं आहे, पण आपल्याकडच्या शाखेनं वाटेत धंदा बदलला. आणि 'तुली' हे तर 'फेरो' चं कोणीच लागत नाही. ते वेगळ्या घरातून दत्तक आलेलं आहे. ते घरही तुमच्या ओळखीचं आहे, त्याच्याकडे मी येतोच.

आधी नातं कशावरून म्हणायचं ते बघू. मी बरीच वर्षं संस्कृत शिकवलं, मधली काही वर्षं लॅटिनही. या काळात सर्वांत जास्त वेळ गेला तो सारख्या दिसणाऱ्या शब्दांची खोटी नाती मोडण्यात. दोन शब्द सारखे दिसतात, एवढ्यानं काहीच सिद्ध होत नाही. फरक नियमानं पडलेला दिसला, तरच नातं धरायचं. 'फेरो' च्या बाबतीत तो नियम स्वच्छ आहे. या सगळ्या भाषा ज्या एका मूळ भाषेतून निघाल्या, तिच्यातला 'भ' संस्कृतात 'भ' च राहिला. लॅटिनमध्ये शब्दाच्या सुरुवातीला त्याचा 'फ' झाला, जर्मन-इंग्रजीच्या घराण्यात 'ब' झाला, इराणी आणि स्लाव भाषांतही 'ब'. म्हणून आपला 'भ्राता' लॅटिनमध्ये 'फ्रातेर', जर्मनमध्ये 'ब्रूडर'. संस्कृत 'अभूत्', म्हणजे 'झाला', लॅटिनमध्ये 'फुइत'. शब्दाच्या मधल्या 'भ' चा लॅटिनमध्ये 'ब' होतो: 'नभ' चं 'नेबुला', 'तुभ्यम्' चं 'तिबी'. 'भर' चं 'फेर' झालं ते याच रांगेत उभं राहून.

ग्रीकमध्येही 'मी वाहतो' याला 'फेरो' च म्हणतात, पण तो 'फ' वेगळा. जुन्या ग्रीकांचा 'फ' आपल्या 'फळ' मधला, म्हणजे 'प' मध्ये हकार मिसळलेला. लॅटिनचा 'फ' मात्र 'फॅन' मधला, दात ओठाला लावून काढलेला. युरोपातल्या शिक्षकांना हा फरक फळ्यावर लिहून समजवावा लागतो. आपल्याकडे जुन्या वळणाच्या आजीनं 'फळ' म्हटलेलं ऐकलं की काम झालं.

नुसत्या धातूपेक्षा पक्का पुरावा प्रत्ययांत मिळतो. लॅटिन म्हणते फेरो, फेर्स, फेर्त, फेरिमुस, फेर्तिस, फेरुंत. संस्कृत म्हणते भरामि, भरसि, भरति, भरामः, भरथ, भरन्ति. मुलीला दोन्ही ओळी एकाखाली एक लिहून द्या आणि तिसऱ्या ओळीत डोरियन बोलीतलं ग्रीक 'फेरोंति' लिहा. ते 'भरन्ति' शेजारी ठेवलं की पोरं गप्प होतात. एखादा शब्द व्यापाऱ्याकडून उसना घेता येतो, पण 'आम्ही', 'तुम्ही', 'ते' यांचे प्रत्यय सहसा कोणी बाजारातून आणत नाही. फ्रान्झ बॉप यानं १८१६ साली तौलनिक भाषाशास्त्राची पायाभरणी केली ती क्रियापदांची रूपावली मांडूनच: संस्कृत, ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मन शेजारीशेजारी ठेवून.

त्याच्याही सव्वादोनशे वर्षं आधी ही शंका गोव्यात एका माणसाला आली होती, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. इंग्लंडहून आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी १५८३ साली गोव्याहून भावाला पत्र लिहिलं. इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे, असं त्यात नोंदवलं. हेच ते स्टीफन्स, ज्यांनी पुढे मराठीत ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रचलं, ते १६१६ मध्ये गोव्यातल्याच राशोलला छापलं गेलं. लॅटिन शिकून आलेला माणूस मराठी-कोकणी बोलू लागला की असं काही कानाला लागणारच. त्याच दशकात कोची आणि गोव्यात राहिलेल्या फिलिप्पो सासेत्ती या फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्यानंही संस्कृत आणि इटालियन आकड्यांमधलं साम्य टिपून ठेवलं होतं. पण दोघांची निरीक्षणं पत्रातच राहिली.

आता मुलीच्या वैतागाकडे. 'फेरो' चा भूतकाळ 'तुली' कसा?

वर्गात हा प्रश्न आला की मी उलटा प्रश्न विचारायचो: 'जाणे' चा भूतकाळ काय? सगळे म्हणायचे, 'गेला'. मग 'जा' मधला 'ज' कुठे गेला? इथे एकदम शांतता. 'जातो' आलं संस्कृत 'याति' पासून, 'गेला' आलं 'गत' पासून. धातू दोन, क्रियापद एक. 'येतो' आणि 'आला' यांचंही तसंच: 'ये' हे 'एति' चं, 'आला' हे 'आगत' चं. तीन वर्षांचं मराठी पोर 'जाला' असं एखाद्या वेळी म्हणतं, आई हसून 'गेला म्हणावं' म्हणते, आणि विषय संपतो. रोमन पोरांनाही 'तुली' असंच आईकडून मिळालं. त्यांना व्याकरण लागलं नाही.

मुलीला याहून जवळचं उदाहरण हवं असेल तर जर्मनच घ्या. 'इश बिन' मधलं 'बिन' आपल्या 'भू' चं, 'एर इस्ट' मधलं 'इस्ट' आपल्या 'अस्ति' चं, आणि 'वार' हे 'वसति' मधल्या 'वस्' चं. ती रोज शंभर वेळा तीन धातूंचं एक क्रियापद वापरते आणि तिला ते टोचत नाही. ग्रीकांनी तर वाहण्यासाठीच तीन धातू घेतले: वर्तमानाला 'फेरो', भविष्याला 'ओइसो', भूताला 'एनेंका'. तिला सांगा, तू लॅटिनवर सुटलीस.

पण भाषा हे असं का करते? याचं एक सरसकट उत्तर नसतं. या धातूपुरतं मात्र समाधानकारक कारण देता येतं. ओझं वाहणं ही चालू राहणारी क्रिया आहे. हमाल पोतं घेऊन निघाला, चाललाय, चाललाय. तिला आतून शेवट नाही. 'वाहून झालं' हा क्षण दाखवायला या धातूकडे मुळात सोयीचं रूप नव्हतं. याउलट उचलणं एका झटक्यात होतं: पोतं जमिनीवर होतं, आता खांद्यावर आहे. म्हणून पूर्ण झालेल्या क्रियेसाठी लॅटिननं उचलण्याचा धातू शेजारून आणला. त्या धातूचं स्वतःचं वर्तमान लॅटिनमध्ये 'तोल्लो', 'मी उचलतो'. जुन्या लॅटिनमध्ये, प्लॉटसच्या नाटकांत, 'तुली' च्या जागी 'तेतुली' असं रूप सापडतं, आपल्या 'ददौ', 'बभार' सारखं पहिलं अक्षर दोनदा आलेलं. पुढे त्यातला 'ते' गळाला.

मजा अशी की 'तोल्लो' चा भूतकाळ असा शेजाऱ्याला देऊन टाकल्यावर त्याची स्वतःची पंचाईत झाली. मग त्यानं उपसर्ग लावलेलं 'सुस्तुली' पुढे केलं आणि वेळ मारून नेली. वर्गात 'तोल्लो, सुस्तुली, सुब्लातुम' शिकवताना मला कायम वाटायचं की घरातली सायकल शेजाऱ्याला कायमची दिली आणि आता रोज भाड्याची आणतोय.

'लातुम' हेही त्याच उचलण्याच्या धातूचं. मुळात ते 'त्लातुम' होतं. शब्दाच्या सुरुवातीचा 'त्ल' लॅटिन जिभेला पेलेना, 'त' पडला, 'लातुम' उरलं. ग्रीकमध्ये तो 'त्ल' शाबूत आहे: 'त्लेतोस' म्हणजे सोसण्याजोगं. त्यामुळे चार रूपं दिसत असली तरी घराणी दोनच. 'फेरो, फेर्रे' एका घरचं, 'तुली, लातुम' दुसऱ्या.

हे दुसरं घर सराफकट्ट्यावर आहे. संस्कृतात हाच धातू 'तुल्', आणि धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची अर्थासह जुनी यादी, त्याचा अर्थ देतो 'उन्माने'. उन्मान म्हणजे वर उचलून केलेलं मोजमाप. वस्तू किती जड आहे हे कळायला ती उचलावी लागते, म्हणून उचलण्याचं झालं तोलणं. तुला, तोल, समतोल, तुलना, तुल्य, अतुल, तूळ रास, सगळं इथलं. आणि तोळा. ब्रिटिश काळात तो ११.६६ ग्रॅमचा ठरला होता, आता सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतात. घराच्या छपराखालची 'तुळई' सुद्धा याच 'तुला' ची, कारण तुला म्हणजे आडवा दांडा. तराजूलाही लागतो, छपरालाही.

ग्रीकांकडेही हेच झालं. 'तालांतोन' म्हणजे तराजू, मग वजनाचं माप, मग तेवढ्या वजनाची चांदी. बायबलमधल्या दाखल्यात धन्यानं नोकरांना दिलेले 'टॅलंट' ते हेच. त्या दाखल्यामुळे पुढे युरोपात त्याला 'ईश्वरानं दिलेलं कसब' असा अर्थ चिकटला. टीव्हीवरच्या टॅलंट शोमध्ये 'टॅलंट' म्हणतात तेव्हा मला तोळा आठवतो. याच धातूचं जर्मनमध्ये 'डुल्डेन', म्हणजे सोसणं, आणि 'गेडुल्ड', म्हणजे धीर. इंग्रजी 'टॉलरेट' लॅटिनमार्गे इथूनच. उचललेलं ओझं खाली न ठेवता उभं राहणं म्हणजे सोसणं, हा प्रवास युरोपात पुन्हापुन्हा झालेला दिसतो. 'सफर' हा इंग्रजी शब्दही तसाच: 'सुब' म्हणजे खालून, 'फेर्रे' म्हणजे धरणं. ओझ्याखाली जाऊन ते पेलणं.

'तोल्लो' वरून एक किस्सा सांगतो. इसवी सनपूर्व ४३ मध्ये किकेरो (सिसेरो) या रोमन वक्त्यानं तरुण ऑक्टेवियनबद्दल, म्हणजे पुढच्या सम्राट ऑगस्टसबद्दल, म्हटलं, पोराची स्तुती करावी, त्याला मान द्यावा आणि त्याला 'उचलावं'. लॅटिनमध्ये 'तोल्लेरे' म्हणजे वर चढवणं आणि नाहीसं करणं, दोन्ही. हे ऑक्टेवियनच्या कानावर गेलं आणि त्याला ते आवडलं नाही, अशी खबर डेकिमस ब्रूटसनं पत्रातून किकेरोला दिली. युरोपीय टीपाकार या श्लेषावर अर्धं पान खर्च करतात. मराठीत टीपच लागत नाही. 'साहेबांनी त्याला उचलून धरला' आणि 'पोलिसांनी त्याला उचलला', यातला फरक शाळेतल्या पोरालाही कळतो. त्यात आपण 'उचलबांगडी' ही घातली.

आता परत 'फेरो' च्या घरी. आपल्याकडे अर्थ कसा बदलला?

वेदात 'भृ' चा अर्थ पुरता लॅटिन 'फेर्रे' सारखा आहे: वाहणं, आणणं. ऋग्वेदात 'आ भर', म्हणजे 'आमच्याकडे घेऊन ये', ही देवांकडे केलेली मागणी पानोपानी भेटते. 'आण' म्हणताना रोमन माणूस तेच 'फेर' म्हणायचा. पुढच्या संस्कृतात मात्र हे काम 'हृ' नं बळकावलं. 'आभरति' मागे पडलं, 'आहरति' आलं. जुन्या वैयाकरणांच्या नजरेतून हे सुटलं नव्हतं. वेदात 'हृ' आणि 'ग्रह्' यांच्या 'ह' च्या जागी 'भ' दिसतो, असं पाणिनीच्या सूत्रावरचं एक वार्तिकच, म्हणजे पुरवणी नियमच, आहे. 'ग्रह्' च्या बाबतीत ते ऐतिहासिकदृष्ट्याही बरोबर, कारण 'गृभ्' हेच जुनं. 'भृ' आणि 'हृ' हे मात्र आज आपण मुळात दोन वेगळे धातू मानतो, एकमेकांत घुसळलेले. तरी एवढ्या जुन्या काळी हे कोणी टिपून ठेवलं, याला मी कायम मनातल्या मनात नमस्कार करतो.

'भृ' कडे मग उरलं धरणं आणि पोसणं. धातुपाठातच त्याचे दोन हिशेब आहेत: एका गणात 'भरणे', दुसऱ्या गणात 'धारणपोषणयोः'. त्यातून भर्ता, भार्या, भृत्य आले. भार्या म्हणजे जिचं भरण करायचं ती. आज हा शब्द लग्नपत्रिकेच्या बाहेर कोणी वापरू नये असं माझं मत आहे, पण व्युत्पत्ती तीच. याच घरातला 'भार', आणि त्यावरून 'भारी'. वजनदार ते उत्तम. पुण्या-कोल्हापुरात पोरं 'लई भारी' म्हणतात तेव्हा 'फेरो' चीच एक बारीक शाखा बोलते.

आणि मराठी 'भरणे'? ओझं वाहायचं तर आधी ते पोत्यात, गाडीत घालायचं. वाहण्यातून लादणं, लादण्यातून रिकामी जागा भरून काढणं. तरी जुना अर्थ एका कोपऱ्यात जिवंत आहे: 'पाणी भरणे'. 'बायका नदीवर पाणी भरायला गेल्या' म्हणताना हंडा भरून तिथेच ठेवलेला नसतो. तो डोक्यावरून घरी आणलेला असतो. 'त्याच्या घरी हा पाणी भरेल' या वाक्प्रचारात तर नुसतं वाहणंच आहे. माझ्या दृष्टीनं मराठीतलं सर्वांत लॅटिन 'भरणे' हेच. बाकी बिल भरणं, फॉर्म भरणं, बाजार भरणं, ओटी भरणं, कोणाचे तरी कान भरणं, ही पुढची बाळसं धरलेली पोरं.

नेण्या-आणण्याचं काम मग मराठीनं 'नी' या धातूकडे सोपवलं: 'ने' आणि 'आ' लावून 'आण'. आणि 'वाहणे' कडे. हे 'वाहणे' लॅटिनमध्ये 'वेहेरे' म्हणून आहे, इंग्रजी 'वेहिकल' तिथलं. देवाला फूल 'वाहतो' म्हणताना आपण वाहून नेण्यापासून अर्पण करण्यापर्यंत गेलो. लॅटिन 'ओफ्फेर्रे', म्हणजे समोर आणून ठेवणं, याचं इंग्रजीत 'ऑफर' झालं तेही याच वाटेनं. धातू वेगळे, पायवाट एकच.

युरोपातही 'फेर्रे' चं असंच झालं, हे मुलीला सांगाच. फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज या सगळ्या लॅटिनच्या लेकी, पण नुसतं 'फेर्रे' एकीनंही सांभाळलं नाही. फ्रेंचनं 'पोर्ते' घेतलं, इटालियननं 'पोर्तारे', स्पॅनिशनं 'येवार', पोर्तुगीजनं 'लेवार'. अवघड रूपांचं क्रियापद बोलणारे लोक हळूच बाजूला सारतात. उरली ती उपसर्ग लागलेली रूपं: फ्रेंच 'सुफ्रीर', पोर्तुगीज 'सोफ्रेर', सोसणं. त्यांचीही रूपं लोकांनी सरळ करून टाकली, 'तुली' आणि 'लातुम' फेकून दिली. इटालियनमध्ये 'सोसलेलं' म्हणजे 'सोफ्फेर्तो'.

मग इंग्रजीत 'लात' कुठून आलं? पुस्तकांतून. वकील, पाद्री, पंडित यांनी 'लातुम' ची रूपं ग्रंथातून थेट उचलली. त्यामुळे इंग्रजीत जोड्या तयार झाल्या आणि बोलणाऱ्यांना त्या जोड्या आहेत हेही माहीत नसतं. 'रेफर' आणि 'रिलेट' एकाच क्रियापदाची दोन रूपं. 'ट्रान्स्फर' आणि 'ट्रान्स्लेट' तशीच. बदली झालेला बँकेतला कारकून आणि भाषांतर झालेली कविता, दोघांना लॅटिन एकच शब्द लावते: पलीकडे नेलेले. ग्रीकमध्ये हाच शब्द 'मेताफोरा', 'मेता' म्हणजे पलीकडे आणि 'फेरो' म्हणजे नेणं. रोमन अलंकारशास्त्री 'मेताफोरा' चं लॅटिन 'त्रान्स्लातियो' करायचे. म्हणजे 'मेटाफर' आणि 'ट्रान्स्लेशन' हा एकच शब्द, एकदा ग्रीक कपड्यांत आणि एकदा रोमन.

कॉन्फर, डिफर, इन्फर, ऑफर, प्रिफर, रेफर, सफर: उपसर्ग बदलला की अर्थ कुठल्या कुठे जातो. प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार हा श्लोक ज्यांनी शाळेत पाठ केलाय त्यांना यात नवल वाटायला नको. तिथे 'हृ' जे करतो तेच इथे 'फेर्रे' करतं.

यातलं एक रूप थोडं थांबून बघण्यासारखं आहे: 'औफेर्रे, आब्स्तुली, आब्लातुम', काढून नेणं. त्यावरून विभक्तीचं नाव पडलं 'आब्लातिवुस'. तुमची मुलगी जर्मनमध्ये 'आब्लाटिव्ह' म्हणत असेल. आपली पंचमी. पाणिनीनं त्या कारकाला नाव दिलं 'अपादान', आणि त्याचाही शब्दशः अर्थ काढून घेणं. ग्रीकमध्ये ही विभक्तीच नव्हती, त्यामुळे रोमनांना ग्रीक नावाचं भाषांतर करून भागलं नाही. नवं नाव घडवताना ते नेमके पाणिनीच्याच कल्पनेशी पोहोचले, एकमेकांचा पत्ता नसताना.

जर्मनीत राहताय म्हणून दोन शब्द खास तुमच्यासाठी. 'गेबेरेन', जन्म देणं, आणि 'गेबुर्ट', जन्म, हे 'भृ' चेच. आपल्या 'भृति' या शब्दाचा साचा आणि 'गेबुर्ट' चा साचा एक. लॅटिनमध्ये त्याच साच्यातून 'फोर्स' निघाला, म्हणजे नशीब, आणि त्यावरून 'फोर्तुना'. एकाच ठशाचं नाणं: जर्मनांकडे जन्म, रोमनांकडे दैव, आणि आपल्याकडे भृति, म्हणजे पगार. यावर काय म्हणावं ते ज्यानं त्यानं ठरवावं.

दुसरा शब्द म्हणजे जर्मनचा '-बार' हा प्रत्यय. तोही वाहण्याच्या धातूचाच. 'फ्रुख्टबार' म्हणजे फळ धरणारं, सुपीक. लॅटिन 'फेर्तिलिस', म्हणजे 'फर्टाइल', तेही 'फेर्रे' वरूनच. आणि 'डांकबार' म्हणजे आभारी. आता 'आभारी' हा शब्द फोडून बघा: आ, भार. उपकाराचं ओझं अंगावर आलेला. 'डांकबार' मधला 'बार' आणि 'आभारी' मधला 'भार' एकाच धातूचे. मुलगी शेजाऱ्यांना रोज एक म्हणते आणि आजीला फोनवर दुसरा.

फारसीतून आलेले चुलत भाऊ तर आपल्या घरातच राहतात. फारसीत 'बुर्दन' म्हणजे नेणं, 'बार' म्हणजे ओझं. पैगंबर म्हणजे पैगाम आणणारा. दिलबर म्हणजे काळीज घेऊन जाणारा. आणि बाजार समितीतलं 'बारदान': 'बार' म्हणजे माल आणि 'दान' म्हणजे ठेवायची जागा, पानदान, अत्तरदाणीसारखं. आडत्याच्या दुकानात 'मालाचा भार' आणि 'बारदानाचं वजन' एकाच पावतीवर येतात. एक शब्द सरळ वारशानं आलेला, दुसरा इराणचा फेरा मारून आलेला.

पण इथेच सांभाळा. 'बरदाश्त' मध्ये 'बर' दिसतो आणि अर्थही सोसण्याचा, म्हणून तो या घरात ओढायचा मोह होतो. ओढू नका. तिथला 'बर' म्हणजे 'वर', आपल्या 'उपरि' चा भाऊ. धातू तिथे 'दाश्तन', धरणं. मांडवीवरच्या फेरीबोटीतली 'फेरी' सुद्धा 'फेर्रे' ची नव्हे. ती इंग्रजी जुन्या 'पार जाणे' या धातूची, म्हणजे आपल्या 'पार' च्या जवळची. इथे मूळचा 'प' आहे आणि जर्मन-इंग्रजी घराण्यात 'प' चा 'फ' होतो, म्हणून ती 'फेरो' सारखी दिसते. आपण मारतो ती 'फेरी' तर तिसरीच, 'फिरणे' वरची. आणि 'भ्राता' म्हणजे 'भरण करणारा' ही व्युत्पत्ती पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळेल. ऐकायला छान आहे, पण तिला पुरेसा आधार नाही. मुलीला ती पाठ करायला लावू नका.

पाठांतरासाठी मी वर्गात एकच शब्द द्यायचो. केरळातल्या गुरुवायूरला आणि दक्षिणेतल्या इतर काही देवळांत भक्त स्वतःला तराजूच्या एका पारड्यात बसवतात आणि दुसऱ्या पारड्यात तेवढ्या वजनाची केळी, गूळ किंवा साखर घालून ती देवाला देतात. त्याला म्हणतात 'तुलाभार'. त्यातला 'भार' म्हणजे 'फेरो', 'तुला' म्हणजे 'तुली'. लॅटिनची अख्खी ओळ या एका शब्दात बसते. क्रम तेवढा उलटा आहे.